चौदा दिवसांचं भुंकणं

दिवसाची वीज तुम्ही तोडलीत. मी इथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या कागदात सुरुवात कुत्र्यापासून आहे आणि ते खोटं आहे. कुत्रा त्याआधी सहा वर्षं त्या दारात होता. सहा वर्षं भुंकत होता. गल्लीत कुणाचं डोकं दुखलं नाही. मग उन्हाळा तापला, धरणाचा तळ दिसायला लागला, आणि तुम्ही पत्रक काढलंत की मोठ्या यंत्रांना वीज रात्री अकरा ते सकाळी सात एवढीच मिळेल. खाली सही केलीत. त्या सहीनं आमच्या घरात दिवसाची रात्र झाली, आणि मग कुत्रा आम्हाला ऐकू यायला लागला.

माझा नवरा आरागिरणीत करवतीवर आहे. ओंडका पात्यावर ढकलायचा, फळी सुटली की मागं घ्यायचा, पुन्हा ढकलायचा. तो म्हणतो, यात काही कौशल्य नाही, फक्त जागं राहता आलं पाहिजे. खोटं बोलतो, पुष्कळ कौशल्य आहे. पण जागं राहणं पहिलं, हे खरं. मागच्या वर्षी एकाचा अंगठा गेला तेव्हा भुशात तो सापडायला अर्धा तास लागला. मालकानं तेव्हाच सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, "ज्याच्या हाताला पातं लागेल, त्यानं दुसऱ्या दिवशी येऊ नये. मला चौकशा नकोत."

रात्रपाळी सुरू झाली तसा नवरा सकाळी सव्वासातला घरी यायचा. पापण्यांवर भुसा, कानात भुसा, थुंकलं तरी भुसा. दोन घास खाऊन मागच्या खोलीत आडवा व्हायचा. वर पत्रा. दहा वाजेपर्यंत पत्रा असा तापायचा की खालच्या माणसाची भाजी व्हावी. मी खिडकीला ओलं गोणपाट बांधायची, जमिनीवर पाणी शिंपडायची, सासूबाईंना सांगायची, "भांडी आपटू नका." सासूबाई म्हणायच्या, "मी कशाला आपटू? भांडीच म्हातारी झालीत, हातातून सुटतात." तेवढ्यात समोर दादा सुरू व्हायचा.

दादा म्हणजे कुत्रा. समोरच्या घरात शिंपीणकाकू राहायची, एकटी. तिनंच त्याला ते नाव ठेवलं होतं. "दादा, कोण आलं रे?", "दादा, सरक बाजूला." सासूबाई म्हणायच्या, "एवढा मान आमच्या घरात खऱ्या दादाला मिळाला नाही." काकूचे कान लहानपणीच्या तापात गेले होते. समोरच्याचे ओठ बघून तिला बोलणं समजायचं. पाठ फिरवून बोललात तर भिंतीशी बोलल्यासारखं. दिवसभर चष्मा लावून ओट्यावर मशीन घेऊन बसायची आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत मापं घ्यायची.

दादाचा आवाज मोठा होता. घोगरा, छातीतून येणारा. एकदा सुरू झाला की पाच मिनिटं, दहा मिनिटं. नवरा उठून बसायचा. नुसता बसायचा, पाठीवरून घाम ओघळत, आणि हाताची बोटं उघडझाप करत राहायचा. बारा दिवसांत त्याचे डोळे आत गेले. तेराव्या दिवशी सकाळी आला तेव्हा सदऱ्याची डाव्या हाताची बाही मनगटापासून कोपरापर्यंत फाटलेली. कापलेली. आत कातडीला काही नाही.

"हे काय?"

"काही नाही. डुलकी लागली."

"पातं चालू होतं?"

"मग काय बंद असताना बाही कापतं ते?" तो म्हणाला आणि हसला. मग भिंतीला टेकून खाली बसला.

मी त्याच दिवशी काकूकडे गेले. तिच्यासमोर उभी राहून सावकाश, तोंड मोठं करून बोलले. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटलं असतं मी तिला दटावतेय. "काकू, दादा फार भुंकतो. ह्यांना झोप नाही."

तिचा चेहरा उतरला. "भुंकतो? फार?" तिला ते माहीतच नव्हतं. त्याचा जबडा हलायचा एवढंच तिला दिसायचं. तिनं त्याच्याकडे बघितलं, तो तिच्याकडे. "मला मेलीला काय कळणार गं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला आत कोंडला. बंद दाराआड तो दुप्पट भुंकला, पंज्यानं दार ओरबाडलं. तिसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली. चिंध्या आणि कापूस घालून तिनं दोन जाड गिरद्या शिवल्या होत्या, वाटीएवढ्या, मधे पट्टी आणि हनुवटीखाली बांधायला नाड्या. कानांवर लावायला. टाके एकसारखे, नवऱ्या मुलाच्या कपड्याला घालावेत तसे.

नवऱ्यानं त्या बांधल्या. सासूबाई बघून म्हणाल्या, "आता फक्त शिंगं राहिली." आम्ही तिघं हसलो. त्या महिन्यात आम्ही हसलो ते तेवढंच. गिरद्यांत कान उकडून निघायचे आणि आवाज यायचा तो यायचाच.

मग मी तुमच्या कचेरीत आले.

तुमच्या कारकुनानं मला पाऊण तास उभं केलं. पंख्याखाली त्याचे कागद उडत होते आणि तो त्यांच्यावर दगड ठेवत होता. माझी तक्रार ऐकून म्हणाला, "बाई, कुत्रा भुंकणारच. तो काय गाणार आहे?" शेजारच्या टेबलावरचा हसला. मी उभीच राहिले. तेव्हा त्यानं खणातून एक छापील नोंदपत्र काढलं. चौदा दिवस भरायचं. तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, मिनिटं, आणि शेवटी शेरा.

"शेऱ्यात काय लिहायचं?"

"काय वाटेल ते. आणि शेजाऱ्याशी आता बोलायचं नाही. वाद नकोत. जे काय ते कागदावर. लिहिता येतं ना?"

येतं. शाळेत गेले नाही, पण ओंडक्यांच्या तोंडावर रंगानं आकडे आणि नावं घालायचं काम मी चार वर्षं केलंय. अक्षरं मी लाकडावर शिकले. आणि जे लिहिलेलं असतं ते कुणीतरी वाचणार म्हणूनच लिहिलेलं असतं, हेही तिथंच शिकले. गिरणीत एकही ओंडका तोंड न वाचता कुणी पात्यावर चढवत नाही.

भिंतीवरचं घड्याळ मी खिडकीत आणून ठेवलं आणि गोणपाटाच्या फटीतून बघत बसले. पहिले तीन दिवस रागानं लिहिलं. दहा वीस ते दहा सत्तावीस. बारा पाच ते बारा नऊ. चौथ्या दिवशी शेऱ्याचा रकाना रिकामा बघून मला ओंगळ वाटलं, म्हणून कारण लिहायला लागले. कारण लिहायचं तर कारण बघावं लागतं.

दहा वीसला तिच्या चुलीवर दूध चढायचं. ते वर आलं की दादा आत तोंड करून भुंकायचा, ती मशीन सोडून धावायची, आणि तो गप्प. बारा पाचला पाणी सुटायचं, नळाखालची बादली भरून वाहायला लागली की तो भुंकायचा. गिऱ्हाईक दारात आलं की भुंकायचा, आणि तिनं वर बघितलं की थांबायचा. तिचं लक्ष लवकर गेलं तर एक मिनिट. ती कामात बुडालेली असली तर दहा.

आठव्या दिवशी गिरणीचा ओंडक्यांचा ट्रॅक्टर आला. आठवड्यातून दोनदा यायचा, दिवसा. ओंडके रचायची गिरणीची जागा गल्लीच्या टोकाला, आणि आमची गल्ली अरुंद म्हणून मागं मागं आत घ्यावा लागायचा. ट्रॉलीवर ओंडके असे रचलेले की चालवणाऱ्याला मागचं काही दिसत नाही. काकू गल्लीच्या मधोमध वाकून गटाराचं तोंड साफ करत होती. पाठ ट्रॅक्टरकडे. दादा पळत गेला, तिच्याभोवती भुंकत नाचला, तिच्या कपड्याचं टोक दातात धरून ओढलं. ती उठून ओट्यावर चढली. तो थांबला. ट्रॅक्टर मागं आला.

मी लिहिलं: अकरा चाळीस ते अकरा चव्वेचाळीस. चार मिनिटं. शेरा: काकू रस्त्यात होती. ट्रॅक्टर थांबून राहिला. कुत्रा भुंकायचा थांबल्यावर मागे आला.

हे माझ्या अक्षरात तुमच्याकडे आहे.

चौदावा दिवस संपला तेव्हा कागद माझ्या मांडीवर होता. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, देऊ नये असं वाटतंय. तो उगाच नाही भुंकत. तिचे कान आहेत ते."

तो पालथा पडला होता. कुशीवर वळला. मग डावा हात माझ्यासमोर धरला. तर्जनीच्या टोकावरून नखासकट एक चकती गेली होती, रक्त सुकून भुसा चिकटलेला. मालकाला दिसू नये म्हणून रात्रभर मूठ मिटून काम केलं होतं.

"तिचे कान," तो म्हणाला. "आणि हे काय आहे?"

सासूबाई बोट धुवायला पाणी घेऊन आल्या. त्या दिवशी त्या काहीच टोचून बोलल्या नाहीत, यावरून समजा.

मी स्वतःला समजावलं. सगळं लिहिलंय, म्हटलं. दूध लिहिलंय, नळ लिहिला, ट्रॅक्टर लिहिला. साहेब वाचतील. त्यांच्या लक्षात येईल. काहीतरी मधला मार्ग काढतील, तिला दाराला कुणी आलं की पेटणारा दिवा लावून देतील, ट्रॅक्टरची वेळ बदलतील, ह्यांना दिवसपाळीचं काही बघतील. अधिकारी माणसं, शिकलेली. मी कागद नेऊन दिला. कारकुनानं बोट मिनिटांच्या रकान्यावरून सरळ खाली नेलं, बेरीज केली, "चारशे एकतीस," म्हणाला. "पुष्कळ आहे की." पुढचा रकाना त्याच्या मनगटाखाली झाकलेला होता.

"शेरा वाचा ना साहेब."

"वर जाईल. वर वाचतात."

नोटीस पाच दिवसांनी आली, काकूच्या नावानं. काकूला वाचता येत नव्हतं. गल्लीत कागद वाचायचा म्हणजे माझ्याकडे यायचं, हे ठरलेलं. ती आली. माझ्यासमोर पाटावर बसली आणि माझ्या ओठांकडे बघत राहिली. मी वाचलं. सावकाश, तोंड मोठं करून, जेणेकरून एकही शब्द सुटू नये. 'आपल्या कुत्र्याच्या उपद्रवाबाबत आलेल्या तक्रारीवरून.'

"कुणाची तक्रार?" तिनं विचारलं.

"नाव लिहिलेलं नाही."

ते खरंच लिहिलेलं नव्हतं. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवता तुम्ही. मोठे उपकार आहेत. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी तोंड मिटलं तरी. तिला ओठ वाचता यायचे. मिटलेले वाचता यायचे की नाही, मला माहीत नाही. जाताना तिनं विचारलं, "तुझ्या नवऱ्याचं बोट कसं आहे?"

दुसऱ्या दिवशी जाळीची गाडी आली. दोन माणसं आणि एक तारेचा फास. दादा भुंकला तेव्हा काकूनं वर बघितलं आणि ती बाहेर आली. त्या माणसांशी ती भांडली नाही. "परत कधी?" एवढंच विचारलं. एकानं तोंड फिरवून उत्तर दिलं, म्हणजे तिला ते मिळालंच नाही. गाडी वळेपर्यंत दादा भुंकत होता. मी ते नोंदवलं नाही, चौदा दिवस संपले होते.

आणि शांतता झाली. काय सांगू तुम्हाला ती शांतता. नवरा सकाळी आठला झोपला तो चारला उठला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्याच्या चेहऱ्यावर रक्त आलं. समोर काकू दर थोड्या वेळानं मशीन थांबवून मान वर करायची, दाराकडे बघायची, चुलीकडे बघायची, पुन्हा खाली. कोंबडीसारखी. दोनदा दूध करपल्याचा वास आला. मला दिसत होतं. मी गोणपाट सारखं केलं.

सहाव्या दिवशी उन्हानं डोळे मिटायला लागले, म्हणून मीही नवऱ्याशेजारी आडवी झाले. भर दिवसा. लग्नाला अकरा वर्षं झाली, असं आम्ही कधी झोपलो नव्हतो. त्याचा बरा झालेला हात माझ्या पोटावर होता. मला गाढ झोप लागली.

जाग आली ती माणसांच्या आवाजानं. सासूबाई दारात उभ्या होत्या, पाठमोऱ्या, दोन्ही हात चौकटीला धरून. "बाहेर येऊ नकोस," त्या म्हणाल्या. मी गेले. ट्रॉली काकूच्या ओट्यापर्यंत आलेली होती. गटारापाशी तिची चप्पल होती आणि गटारातलं पाणी लाल झालं होतं. चष्मा मात्र अखंड, ओंडक्याच्या सालीत अडकलेला. याहून जास्त मी लिहिणार नाही, पंचनाम्यात तुम्ही लिहिलंय.

ट्रॅक्टरवाला चाकाला टेकून जमिनीवर बसला होता. त्याच्या तोंडातून एकच वाक्य निघत होतं.

"कुत्रा भुंकला नाही. कुत्रा भुंकला नाही हो."

लोकांना वाटलं याचं डोकं फिरलं. मला समजलं. तीन वर्षं तो माणूस त्या गल्लीत कानानं ट्रॅक्टर मागं घेत होता. मागचं दिसत नाही, खाली उतरून बघायचा कंटाळा. कुत्रा भुंकतोय म्हणजे म्हातारी रस्त्यात आहे. कुत्रा गप्प झाला म्हणजे गल्ली मोकळी. त्यानं कुणाला हे सांगितलं नव्हतं, त्यात सांगण्यासारखं काय होतं? कुत्रा नेल्याचंही त्याला कुणी सांगितलं नाही, तो पलीकडच्या गावचा. त्यानं त्या दिवशीही इंजिन मंद करून कान दिला. सगळीकडे शांत होतं. आम्ही मागून घेतलेली शांतता. त्यानं मागं घेतला.

तुम्ही लिहिलंत, अपघात. ट्रॅक्टरवाल्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा. आणि त्याच आठवड्यात माझ्या नावानं एक कागद आला की आपल्या तक्रारीचं निवारण करण्यात आलं आहे, समाधान झालं असल्यास येथे खूण करा.

आणखी ऐका. काकू गेली आणि एकोणिसाव्या दिवशी पाऊस पडला, धरण भरायला लागलं, तुम्ही दिवसाची वीज परत दिलीत. गिरणी दिवसा चालते. नवरा रात्री झोपतो. दोन महिन्यांचा प्रश्न होता.

आता पुढचं. समोरच्या घराला तुमचं कुलूप आहे. रोज दहा वीसला दादा भुंकतो.

हसा. कारकून हसला होता. मी भाजी चिरत असते, आणि समोरून, बंद दाराआडून, तोच घोगरा आवाज. मी पहिल्या दिवशी विळी टाकून आमच्या चुलीकडे धावले. दूध वर आलेलं होतं. सासूबाईंना विचारलं, "काही ऐकलंत?" त्या म्हणाल्या, "मला कुठं काय ऐकू येतंय या वयात." पण बारा पाचला त्या आपण होऊन उठल्या आणि नळाखालची बादली काढली. रोज उठतात. सुट्टीच्या दिवशी नवरा घरी होता. दारात कुणी आलेलं नव्हतं, पानही हलत नव्हतं, आणि तो एकदम ताठ बसला. बोटं उघडझाप करायला लागला.

"कुणीतरी आलंय समोर," तो म्हणाला.

"कोण?"

"मला काय माहीत. त्याला विचार."

ट्रॅक्टर येतो तेव्हा मात्र दादा भुंकत नाही. ट्रॅक्टरवाला सुटून आलाय, काम तेच आहे, दुसरं काय करणार. तो गल्लीच्या तोंडाशी येतो, इंजिन बंद करतो आणि बसून राहतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मान खाली घालून, एक कान गल्लीकडे. एकदा मी त्याच्यापर्यंत गेले, म्हटलं, "मोकळी आहे, घे." त्यानं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही सांगून काय उपयोग, वहिनी," तो म्हणाला. आता नवरा ट्रॉलीच्या मागून चालत येतो आणि फळीवर हात मारत राहतो, तेव्हा तो गाडी हलवतो.

मी पुन्हा चौदा दिवस नोंद केली. रेघा हातानं मारल्या. तो कागद घेऊन आले तेव्हा तुमच्या कारकुनानं विचारलं, "कुत्रा कुठाय?"

"तुमच्याकडे."

त्यानं दुसरी वही काढली, बोट फिरवलं. तिसऱ्या दिवशी हद्दीबाहेर सोडला, म्हणाला. कोणत्या हद्दीबाहेर, ते लिहिलेलं नाही. "मग बाई, कुत्रा नाही, मालकीण नाही, तक्रार कशाची?"

तक्रार नाही. तक्रार मी एकदा केली आणि तिचं काय झालं ते बघितलं. मला एक विचारायचं आहे, आणि ते नवऱ्यालाही विचारायचं आहे, कारण तो आता माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडे बघतो, काकू बघायची तसा, आणि मला ते सहन होत नाही. तो म्हणतो, "तू लिहून दिलं होतंस ना? मग त्यांना माहीत होतं." मी म्हणते, वाचलं नसेल. तो म्हणतो, "वाचणार नाहीत हे तुला माहीत होतं का?" इथं आमचं बोलणं थांबतं, रोज.

तेव्हा सांगा. आठव्या दिवसाची ओळ, अकरा चाळीस ते अकरा चव्वेचाळीस, तिचा शेरा तुमच्यापैकी कुणी वाचला होता का? वाचला असेल तर तुम्हाला सगळं कळलं होतं आणि तरी तुम्ही गाडी पाठवलीत. वाचला नसेल तर तो रकाना छापलात कशाला, आणि माझ्यासारखीच्या हातात दिलात कशाला? वर जाईल म्हणाला होता कारकून. वर कोण बसतं, त्याचं नाव हवं. वाचलं की नाही वाचलं, हे त्यानं स्वतःच्या हातानं लिहावं आणि खाली सही करावी. पत्ता तुमच्याकडे आहे. मी दारात बसलेय. उत्तर द्या.